शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या गावात अजून पुरते फटफटलेले नसते. केळीच्या पानांवरून दव गळत असते, दूर कुठे दुधाच्या कॅनचा खडखडाट ऐकू येतो, आणि मग चर्चची घंटा वाजते.

या घंटेची भाषा गावातल्या लहान मुलालाही कळते. रोजच्या प्रार्थनेची घंटा वेगळी, सणाची वेगळी आणि गावातले कोणी गेले तर वाजणारी वेगळी. ही शेवटची घंटा संथ असते. एक ठोका, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा एक ठोका. ती कानावर आली की चुलीपुढचा हात थबकतो. बाया अंगणात येतात, "कोण गेलं गं?" अशी विचारणा होते आणि दुपारपर्यंत त्या घरापुढे सारे गाव लोटते. कोणी खुर्च्यांचे बघतो, कोणी बाहेरगावच्या नातेवाइकांना कळवतो. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या घरांतून जेवणाचे डबे येतात. बांधाच्या भांडणावरून ज्याचे चार वर्षे बोलणे बंद होते, तोही त्या दिवशी खांदा द्यायला हजर असतो.

शहरातल्या वाचकाला हे वाचून थोडा हेवा वाटेल. शेजारच्या दारावरची पाटी आपल्याला पाठ असते, पण पाटीमागच्या माणसाला ताप आला तर तो चार दिवसांनी कळतो. मग मनात येते, गावची माणसेच मुळी प्रेमळ! पण माणसे सगळीकडे सारखीच असतात. वसईची माणसेही भांडतात, रुसतात, कोर्टात जातात. फरक एवढाच की तेथे शेजारधर्म ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्याची एक घडी बसवलेली आहे. ही घडी कशी बसली, ती संकटात कशी उपयोगी पडली आणि आज तिच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

धर्मग्राम म्हणजे काय?

एका चर्चच्या परिसरात राहणाऱ्या सर्व कुटुंबांचा मिळून कॅथलिक ख्रिस्ती लोक एक घटक मानतात. इंग्रजीत त्याला पॅरिश म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोकांनी त्याला 'धर्मग्राम' असा सुरेख शब्द दिला आहे. धर्म आणि ग्राम या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. चर्चमध्ये प्रार्थना होते ती धर्माची बाजू आणि प्रार्थना संपवून माणसे बाहेर पडतात ती ग्रामाची बाजू. जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्हींची नोंद त्याच चर्चच्या वहीत होते.

वसईतल्या या धर्मग्रामांना मोठा इतिहास आहे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी झालेल्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले. पण येथला ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी आपल्या जागीच राहिला. तो या मातीतलाच होता, मग जाणार कोठे? त्याची बोलीही येथलीच राहिली. सामवेदी ख्रिस्ती घरांत आजही कादोडी बोलली जाते, तर वाडवळांच्या घरांत वाडवळी. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिच्यानंतर जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषा आल्या आणि वसईतली उपासना मराठीत होऊ लागली. पुढे १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला.

त्याच परिषदेने आणखी एक गोष्ट केली. चर्चच्या कारभारात सामान्य माणसाला जागा दिली. तोपर्यंत फादर सांगतील ते प्रमाण, असा मामला होता. आता धर्मग्रामात पॅरिश कौन्सिल असते. तिच्यात शिक्षक, शेतकरी, नोकरदार, गृहिणी, तरुण असे सगळे बसतात. गावाच्या आळ्या आणि वाड्या यांचे छोटे-छोटे गट पाडलेले असतात. प्रत्येक गट कोणाच्या तरी घरी जमतो, बायबलमधला उतारा वाचतो, प्रार्थना करतो आणि मग ओघानेच चौकशा सुरू होतात. अमक्याची नोकरी गेली म्हणे, तमकीचा मुलगा शाळेत दिसत नाही, कोपऱ्यावरच्या आजीला दवाखान्यात न्यायला कोणी नाही. वीस-पंचवीस घरांच्या गटात दुःख फार दिवस लपून राहू शकत नाही.

कोणी म्हणेल, यात चोंबडेपणाही आलाच की! आला, यात शंका नाही. जेथे सगळ्यांना सगळ्यांची चौकशी असते तेथे कुजबुजही असते. पण ती टाळण्याचीही एक जुनी युक्ती या लोकांजवळ आहे.

बंद थैली

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा एक वीस वर्षांचा विद्यार्थी होता. धर्मावरच्या एका वादात त्याला विचारण्यात आले, "तुमचा धर्म पूर्वी मोठा असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता?" प्रश्न झोंबणारा होता. ओझानामने उत्तरादाखल भाषण केले नाही. मित्राला बरोबर घेऊन तो एका गरीब घरी सरपण पोहोचवून आला. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आज ती जगभर पसरली असून आपल्या देशातल्या कितीतरी धर्मग्रामांत तिचे काम चालते. ओझानामला १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'धन्य' म्हणून घोषित केले.

या सोसायटीची कामाची पद्धत साधी आहे. सभासद ठरावीक दिवशी जमतात. बैठकीत एक थैली फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि बाहेर काढायची. कोणी शंभर टाकले, कोणी दहा आणि कोणी काहीच टाकले नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. त्यामुळे देणारा फुगत नाही आणि ज्याच्याजवळ त्या आठवड्यात नसते त्याला मान खाली घालावी लागत नाही. मदतीची घरे ठरली की सभासद दोघे-दोघे मिळून तेथे जातात. कोणाकडे गेलो आणि काय दिले, हे बाहेर बोलायचे नाही.

समजा, एका घरी एकटी विधवा आजी आहे. दोघे तिच्याकडे जातात. पिशवीतले तांदूळ-डाळ गुपचूप स्वयंपाकघरात ठेवतात आणि ओटीवर येऊन बसतात. "मावशी, गुडघा कसा आहे?" इथून बोलणे सुरू होते. अर्धा तास आजी बोलते आणि हे ऐकतात. धान्य आठ दिवसांत संपते, पण 'माझ्याकडे माणसे येतात' हा आधार पुढच्या खेपेपर्यंत पुरतो. मनिऑर्डरने पैसे पाठवणे सोपे असते. ओटीवर अर्धा तास बसणे त्याहून अवघड, म्हणूनच ते नियमात घातले आहे.

सावकाराच्या दारातून सुटका

मदतीने आजचा दिवस भागतो, पण गरिबी हटत नाही. वसईतल्या लोकांना हे फार लवकर उमगले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येथला शेतकरी पानवेली, केळी आणि भाजीपाला पिकवत असे. पीक चांगले, मुंबईची बाजारपेठ हाताशी, तरी हातात पैसा टिकत नसे. वेलीला रोग पडला, घरात लग्न निघाले किंवा बैल मेला की सावकाराची पायरी चढावी लागे. एकदा चढलेली ती पायरी बापाच्या हयातीत उतरली जाईलच असे नसे.

१९०४ मध्ये देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन वसईत कॅथलिक पतपेढी सुरू केली. पुढे तिचीच बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. शंभर वर्षे उलटून गेली तरी ती उभी आहे आणि तिच्या शाखा वसईबाहेरही गेल्या आहेत.

पतपेढी चालते कशावर? विश्वासावर, असे सगळेच म्हणतात. पण विश्वासालाही डोळे लागतात. कर्ज घेणाऱ्याला शेजारी जामीन राहतो. त्याने पैसे विहिरीवर खर्चले की जेवणावळीवर उधळले, हे शेजाऱ्याला दिसत असते. हप्ता चुकला तर रविवारी चर्चच्या दारात समोरासमोर गाठ पडणारच. ज्या ओळखीतून डबे येतात, त्याच ओळखीतून कर्जफेडही होते. सहकाराची ही गोम धर्मग्रामाच्या चौकटीत फार छान बसली.

विहिरी खारट झाल्या

एवढ्यावर सगळे आलबेल चालले असते तर वसईची गोष्ट इतर अनेक गावांसारखीच राहिली असती. पण १९८० च्या दशकात तिला वेगळे वळण लागले. ते वळण पाण्यामुळे लागले.

वसईच्या किनारपट्टीची जमीन रेताड आहे. पावसाचे पाणी तिच्यात झिरपून साठते. समुद्र जवळ असल्याने त्याच्याखाली खारे पाणी असते. गोडे पाणी वजनाने हलके, म्हणून ते ताकावर लोणी तरंगावे तसे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. हे लोणी बेताने काढले तर वर्षभर पुरते. ओरबाडून काढले की खालचे ताक वर येते. जुन्या माणसांनी हे शास्त्र पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांची सारी व्यवस्था त्याला धरून होती. विहिरीवरचा रहाट हळूहळू पाणी काढी. वाड्यांतून 'बावखले' खणलेली असत. बावखल म्हणजे मातीचे, न बांधलेले तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरायचे, आसपासच्या विहिरींना पाझर द्यायचे आणि उन्हाळ्यात बागा शिंपायला उपयोगी पडायचे.

मुंबई फुगत गेली तशी परवडणाऱ्या घराच्या शोधात माणसे विरार लोकलने उत्तरेकडे सरकू लागली. चर्चगेटपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या वसईत रेल्वेच्या आजूबाजूला इमारती उठल्या. इमारतींना नळ होते, पण नळांना पाणी नव्हते. मग टँकर आले. ते भरायचे कोठून? गावातल्या विहिरींवरून. विजेचे पंप दिवसरात्र धडधडू लागले आणि काही वर्षांतच शेतकऱ्याच्या हातात ओंजळभर खारट पाणी आले. केळी करपल्या, पानवेली सुकल्या. त्यातच सरकारी धोरणाने वसईच्या हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी होणार, असे दिसू लागले.

त्या वेळी 'सुवार्ता' या मराठी ख्रिस्ती मासिकाचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईतल्याच नंदाखाल गावी १९४२ मध्ये जन्मलेल्या या धर्मगुरूंनी १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे ते मासिक सांभाळले. देवाधर्माच्या मासिकात टँकर, पंप आणि बिल्डर यांच्याबद्दल मजकूर येऊ लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. मोर्चे निघाले. त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, कारण विहीर खारट होताना मालकाचा धर्म विचारत नाही. बाया आपली लाल लुगडी नेसून उन्हात चालल्या. ज्यांनी आयुष्यात कधी घोषणा दिली नव्हती त्या आज्याही त्यांत होत्या.

एवढी माणसे गोळा कशी झाली, हा प्रश्न पडतो. तेव्हा मोबाइल नव्हते आणि गावात वर्तमानपत्रही सगळ्यांकडे येत नसे. पण आळीआळीत गट होते, घरोघरी जाणारी माणसे होती. आजीच्या ओटीवर बसणाऱ्यांनीच मोर्चाचा निरोप पोहोचवला. शेजारधर्माची जी वाट वर्षानुवर्षे वापरात होती, तिच्यावरूनच आंदोलन चालत आले. वाट आधी मळलेली नसती तर ऐन वेळी कोणी कितीही हाका मारल्या असत्या, तरी माणसे घराबाहेर पडली नसती.

फादरांनी यात का पडावे?

असा सवाल तेव्हा अनेकांनी केला, आणि त्यात चर्चमध्ये नेमाने जाणारेही होते. धर्मगुरूंनी प्रार्थना करावी, आजाऱ्यांना आशीर्वाद द्यावा, राजकारण पुढाऱ्यांवर सोडावे, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. व्यासपीठावर धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ झाली की काय होते, हे आपल्या देशाने पुष्कळ पाहिले आहे.

पण येथे एक भेद करायला हवा. धर्माच्या नावावर मते मागणे निराळे आणि धर्मामुळे मनाला टोचणी लागून शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहणे निराळे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांविषयी एक पत्रक काढले, तेव्हापासून कॅथलिक चर्चमध्ये या दुसऱ्या गोष्टीचा विचार सातत्याने झाला आहे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वी आणि पर्यावरण यांच्या रक्षणासाठी 'लाउदातो सी' हे पत्रक काढले, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. वसईच्या शेतकऱ्यांनी तोच विषय त्याआधी पंचवीस वर्षे रस्त्यावर आणला होता.

फादर दिब्रिटोंनाही या कामासाठी बरेच सोसावे लागले. पण त्यांनी लेखणी ठेवली नाही. बायबलच्या नव्या कराराचा त्यांनी केलेला सुबोध मराठी अनुवाद साहित्य अकादमीने २०१३ मध्ये गौरवला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला हा मान मिळतो म्हणून काही विरोधाचे सूर उमटले, तरी मराठी वाचकांनी त्यांना आपले मानले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

मूठभर तांदूळ आणि मासेमारीच्या होड्या

घरोघरची ओळख आणि नेमाने दिलेले थोडेसे, या दोन गोष्टींवर मोठे काम उभे राहते, याचा अनुभव देशातल्या इतर धर्मग्रामांनाही आला आहे.

झारखंडच्या छोटा नागपूर भागात फादर हॉफमन या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी मुंडा आदिवासींच्या जमिनी वाचाव्यात म्हणून खटपट केली. १९०८ च्या छोटा नागपूर कूळ कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता. पण कायद्याने वाचलेली जमीन कर्जापायी पुन्हा जाऊ नये, म्हणून पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांनी रांचीला आदिवासींची सहकारी पतपेढी काढली. वसईच्या आधी नऊ वर्षांची ही गोष्ट.

केरळमध्ये एकोणिसाव्या शतकात फादर कुरियाकोस इलियास चावरा यांनी प्रत्येक चर्चला जोडून शाळा असावी असा आग्रह धरला. गरिबांची मुले उपाशीपोटी शाळेत कशी येणार? मग 'पिडियरी'ची प्रथा रुजली. पिडि म्हणजे मूठ आणि अरि म्हणजे तांदूळ. भात शिजत घालताना घरच्या बाईने एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवायचे आणि ते चर्चमध्ये गोळा व्हायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायाबापड्यांनी दिलेल्या मूठमूठ धान्याची आठवण मराठी वाचकाला येथे होईलच. फादर चावरा यांना २०१४ मध्ये संतपद देण्यात आले.

त्याच केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये महापूर आला. तेव्हा तिरुवनंतपुरम आणि कोल्लमच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून चेंगन्नूरसारख्या बुडालेल्या गावांकडे धावले. त्यांत सर्व धर्मांचे लोक होते आणि किनाऱ्यावरच्या कॅथलिक धर्मग्रामांतलेही पुष्कळ होते. रातोरात होड्या, ट्रक आणि डिझेल यांची जुळवाजुळव झाली ती चर्चच्या आवारांतून. सरकारी हुकमाची त्यांनी वाट पाहिली नाही. कोणाकडे कोणती होडी आहे, हे तेथे एकमेकांना आधीच ठाऊक होते.

आरशात पाहताना

वसईची गोष्ट येथे संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही.

टँकरवाले बाहेरचे होते, बिल्डर बाहेरचे होते. पण टँकरला विहीर कोणी दिली? गावातल्याच कोणी तरी. बावखलात भराव टाकून ती जागा कोणी विकली? ज्याच्या आजोबांनी ते खणले होते त्यानेच. मुलीचे लग्न होते, मुलाला परदेशी पाठवायचे होते, शेतीत राम उरला नव्हता, कारणे काहीही असोत. मोर्चात पुढे चालणाऱ्याच्या घरातही अशी एखादी फाइल निघू शकत होती. बाहेरच्याला दोष देणे सोपे जाते. ज्याच्या शेजारी बसून प्रार्थना करायची, त्याला "भाऊ, विहीर देऊ नकोस" म्हणून सांगायला छाती लागते. धर्मग्रामाची खरी कसोटी तेथे लागली आणि प्रत्येक वेळी धर्मग्राम तिला उतरलेच, असे म्हणता येणार नाही.

बांधकामेही थांबली नाहीत. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. जुलै २०१८ मध्ये तर उलटेच घडले. पाण्याला जायला वाट न उरल्याने अनेक वस्त्या काही दिवस पाण्याखाली राहिल्या आणि लोकल गाड्याही बंद पडल्या. बावखले आणि नाले बुजवल्याचा हिशेब पावसाने चुकता केला. त्यानंतर उरलेली बावखले उपसण्याच्या, जपण्याच्या कामाला गावांतले तरुण लागले आहेत. पश्चिमेकडची बरीच गावे अजून हिरवी दिसतात, त्यात त्या जुन्या आंदोलनाचा वाटा आहेच.

आणखी एक गोष्ट मनाला चुटपुट लावते. आज वसई-विरारच्या नळाला जे पाणी येते त्यातले बरेचसे पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीचे आहे. त्या धरणासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या. शेतीसाठी म्हणून अडवलेले पाणी शहरांकडे वळवले जाते, अशी तक्रार करत तेथले शेतकरी आणि आदिवासी रस्त्यावर आले आहेत. एके काळी 'आमच्या विहिरीचे पाणी दुसरीकडे नेऊ नका' म्हणून ज्यांनी मोर्चे काढले, त्यांच्या गावाचे शहर आता दुसऱ्याच्या नदीचे पाणी पिते. त्यात कोणा एकाचा गुन्हा नाही. पण भला शोमरोनी माणूस ही येशूची गोष्ट दर वर्षी चर्चमध्ये वाचली जाते, आणि त्या गोष्टीआधी येशूला विचारला गेलेला प्रश्न अवघड आहे. आपला शेजारी नेमका कोण? बांधापलीकडचा, की पन्नास किलोमीटरवरचा तो आदिवासीही?

आणि तिसरा शेजारी तर अगदी जवळ आहे. केळीच्या बागेच्या जागी उठलेल्या इमारतीत तो राहतो. तो बिहारचा असेल, कोकणातला असेल, राजस्थानचा असेल. त्याचा धर्म वेगळा, बोली वेगळी. गावकऱ्याच्या मनात त्याच्याविषयी थोडी अढी आहे, कारण तो आला म्हणून बाग गेली. पण त्याच्या बाजूने पाहिले तर त्याने आयुष्यभराची पुंजी घालून दोन खोल्या घेतल्या आहेत. पहाटे लोकल पकडायची, रात्री परतायचे. येथे त्याला ओळखणारे कोणी नाही.

काही धर्मग्रामस्थ त्याच्या दारापर्यंत गेले आहेत. आरोग्य शिबिर असो, शिवणाचा वर्ग असो की मुलांची शिकवणी असो, त्यात कोण कोणत्या धर्माचा हे विचारले जात नाही. काही जण मात्र अजून कुंपणाच्या आतच आहेत. हे केवळ वसईच्या ख्रिस्ती लोकांपुरते नाही. मंदिराच्या समित्या, मशिदीच्या जमाती, गुरुद्वारांचे लंगर, गणेशोत्सव मंडळे, आपल्याकडे शेजारधर्माच्या घडी बसवलेल्या जागा पुष्कळ आहेत. त्यांची माया आपल्या माणसापाशी थांबते की पुढे जाते, एवढाच प्रश्न आहे.

पहाटेची घंटा त्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरही ऐकू जाते. तेथली बाई डबा भरता-भरता क्षणभर थांबते. एक ठोका, मग शांतता, मग पुन्हा एक ठोका. काही तरी वाईट घडले आहे, एवढे तिलाही जाणवते. पण कोण गेले, हे विचारायला तिला कोणाचे दार ठाऊक नसते. जिना उतरून तिने खाली यायचे, की खालच्या कोणी वर जायचे? वाट पहिल्यांदा मळायची असते तेव्हा जो आधी निघतो त्यालाच काटे लागतात. ओझानाम सरपणाची मोळी घेऊन निघाला, तेव्हा त्यालाही त्या घरचा जिना नवाच होता.